बाबांच्या अहवालाची पोच

इंग्लंडमधल्या ज्या बंदराच्या शहरात मी सहा वर्षं राहिले, त्याचं नाव इथे घेणार नाही. शहराचा काही दोष नव्हता. दोष माझा होता, आणि तो सांगताना शहराला सोबत ओढायचं कारण नाही.

दोन हजार सहा साल. नवरा तिथल्या एका हॉस्पिटलात ज्युनियर डॉक्टर, मी गोदीशेजारच्या एका इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर. आई जाऊन वर्ष झालं होतं. बाबा एकटेच घरात बसून असतात हे फोनवरून कळत होतं, म्हणून बोलावून घेतलं. सहा महिन्यांचा व्हिसा मिळाला आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला ते आले. विमानतळावर त्यांनी पहिलं काय विचारलं असेल, तर "डॉक्टरांना माझ्यासाठी सुट्टी घ्यावी लागली का?" लेकीच्या घरी राहणं म्हणजे जावयावर भार, ही समजूत त्यांच्या हाडीमासी मुरलेली होती. जावयाला ते 'डॉक्टर' म्हणत, अहो-जाहो करत, आणि पाण्याचा ग्लाससुद्धा त्याच्याकडे मागत नसत.

बाबा बांधकाम खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले होते. खात्याचं नाव बदलून कैक वर्षं लोटली तरी त्यांच्या तोंडी ते 'बी अँड सी'च होतं. सगळी नोकरी तालुक्याच्या गावांत गेली आणि बहुतेक काम जुन्या सरकारी इमारतींच्या देखभालीचं. साहेबाने बांधलेली कचेरी, साहेबाने बांधलेलं कोर्ट, तिजोरी, डाक बंगला. नव्या इमारती बांधणाऱ्यांची नावं कोनशिलेवर लागतात. बाबांनी जे केलं त्याची कोनशिला नसते. गळलं नाही, पडलं नाही, एवढंच त्यांचं काम. लहानपणी मला त्याची लाज वाटायची, मोठेपणी कीव. हे दोन्ही मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही, पण मुलांच्या मनातलं आईबापांना कळत नाही असं समजणं हा आणखी एक मूर्खपणा.

शनिवारी मी त्यांना शहर दाखवायला नेऊ लागले. शहर तेव्हा स्वतःला धुऊन-पुसून पर्यटकांपुढे मांडायच्या तयारीत होतं. टूरिस्ट ऑफिसातलं एक पत्रक घेऊन मी पाहण्याजोग्या जागांवर खुणा करून ठेवल्या होत्या: घुमटाचा टाउन हॉल, व्यापाऱ्यांचं एक्स्चेंज, कस्टम हाऊस, बँकांचा रस्ता, खांबांच्या रांगेमागचं कोर्ट. पाहुण्यांना फिरवायची मला एक पद्धत लागलेली होती. समोर उभं करायचं, दोन वाक्यं सांगायची, फोटो काढायचा, पुढं. लीड्सहून, मेडनहेडहून मित्र यायचे तेही असेच फिरले होते आणि खूश होऊन गेले होते.

बाबा समोर उभे राहीनात. टाउन हॉलच्या दर्शनी बाजूला ते जेमतेम मिनिटभर थांबले आणि बाजूच्या बोळात शिरले. मी मागे धावले तर ते पावसाचं पाणी उतरायच्या ओतीव लोखंडी पाइपावर हात फिरवत होते.

"जोड बघ," म्हणाले. "शिसं ओतलंय. दीडशे वर्षं झाली असतील, अजून थेंब बाहेर नाही."

"बाबा, लोक बघतायत."

"बघू दे की. बघण्यासारखंच आहे."

मग ते त्यांचंच झालं. मी म्हणायची हा बघा घुमट, ते म्हणायचे घुमटावरचं पाणी कुठं जातं ते शोधू. मी म्हणायची हे खांब इटलीसारखे, ते खाली वाकून खांबाच्या पायाशी ओल आहे का पाहायचे. टाउन हॉलच्या वरच्या पट्टीवर त्या शहराच्या व्यापाराची चित्रं कोरलेली होती. गलबतं, अननस, कापसाच्या गाठी, जाड ओठांचे आफ्रिकन चेहरे, आणि एक हत्ती. हत्तीचे मागचे पाय घोड्यासारखे उलटे वाकलेले होते. बाबा तिथं मात्र हसले. "याने हत्ती पाहिलेला नाही," म्हणाले. "ऐकून कोरलाय."

मला हसू आलं नाही. त्या दिवशी मी त्यांना लहानसं भाषणच दिलं. ही सगळी शोभा कुणाच्या जिवावर, गुलामांच्या आणि साखरेच्या, आपल्या कापसाच्या, आणि तुम्ही त्यांच्या पाइपांचं कौतुक करताय. बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अगं, ते खरंच आहे. पण आमचं कोर्टही त्यांनीच बांधलं होतं. ते मी गळू द्यायचं होतं का? आत आपलीच माणसं बसत होती." मी विषय बदलला. तो राग मी चहाच्या दुकानात काढला. तिथं त्यांनी बशीत ओतून चहा प्यायला म्हणून.

ऑक्टोबरच्या मध्यावर आम्ही बँकांच्या रस्त्याने गोदीकडे उतरत होतो. रस्त्याच्या कोपऱ्यावर एक चार मजली इमारत होती. कधीकाळी कुठल्याशा जहाज कंपनीची कचेरी, पुढं कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, ताब्यात आलेली. वरचे मजले रिकामे, खाली बसस्टॉप. वर कॉर्निसखाली, छतालगतच्या दगडी पट्टीखाली, ओळीने कोरलेले सिंहांचे चेहरे, एकेक चांगला पोत्याएवढा. बाबा थांबले आणि बराच वेळ मान वर करून उभे राहिले. मग माझा कॅमेरा मागून घेतला, झूम केला आणि मला दाखवलं. डावीकडून तिसऱ्या सिंहाच्या कपाळापासून वरपर्यंत चीर गेली होती. चिरेवर सिमेंट लिंपलेलं होतं आणि त्याखालून तांबूस ओघळ आले होते.

"पन्हळ तुंबलीय," ते म्हणाले. "पाणी आत शिरतंय. दगड धरून ठेवायला आत लोखंडी पट्टी असते, ती गंजलीय. गंजलं की लोखंड फुगतं आणि दगड फोडतं. त्यात कुणीतरी शहाण्याने चुन्याऐवजी सिमेंटने तोंड बंद केलंय, म्हणजे पाणी आतल्या आतच. हा पडणार."

खाली दोन बायका बाबागाड्या घेऊन बसची वाट पाहत होत्या.

त्या रात्री जेवताना त्यांनी आम्हाला एक हकिगत सांगितली. मी ती पूर्वी कधी ऐकली नव्हती. एका तालुक्याच्या कोर्टावरचा असाच दगड. बाबांनी वरच्या साहेबाला तीनदा लिहून कळवलं होतं आणि तिन्ही वेळा काही झालं नाही. एका रविवारी तो पडला. रविवार होता म्हणून माणूस वाचलं, शिपायाची सायकल चेचली गेली. चौकशी लागली. साहेबाने सांगितलं, मला कुणी कळवलंच नव्हतं. बाबांकडे तिन्ही पत्रांच्या पोचा होत्या, शिक्क्यासकट, तारखेसकट. "त्या नसत्या तर माझी नोकरी गेली असती," ते म्हणाले. "पण ते सोड. सोमवारी पडला असता तर? ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही. तीनदा लिहून गप्प बसलो. चौथ्यांदा लिहायला हवं होतं, जाऊन बसायला हवं होतं साहेबाच्या दारात."

नवरा म्हणाला, "बाबा, इथे सिस्टिम आहे. त्यांचे सर्व्हेअर्स असतात, रेग्युलर इन्स्पेक्शन होत असणार."

"असेल ना डॉक्टर," बाबा अदबीने म्हणाले. जावयाशी ते वाद घालत नसत.

पुढचा आठवडाभर बाबा रोज डबा घेऊन जात आणि समोरच्या फूटपाथवरून त्या इमारतीची चित्रं काढत. मग त्यांनी अहवाल लिहिला. सात पानं, सरळ रेघेतलं अक्षर, तीन प्रमाणबद्ध आकृत्या, शेवटी उपाय आणि तातडीची सूचना: बसस्टॉप ताबडतोब हलवावा. भाषा त्यांच्या खात्याची इंग्रजी, 'आय हॅव द ऑनर टू सबमिट' पासून सुरू होणारी. दोन प्रती केल्या होत्या. खाली त्यांचं नाव, हुद्दा, 'निवृत्त', आणि पत्ता आमचा, मार्फत म्हणून जावयाचं नाव.

"कौन्सिलची कचेरी तुझ्या ऑफिसच्या वाटेवरच आहे ना? ही त्यांना दे. ही ओसी, आपली ऑफिस कॉपी. हिच्यावर शिक्का आणि तारीख घेऊन ये."

"तुम्हीच जा ना बाबा, घरीच असता."

"माझं इंग्रजी कागदावर ठीक आहे गं, तोंडात अडखळतं. आणि मी पाहुणा. तू इथली रहिवासी आहेस, तुझ्या हातून गेलेलं बरं."

आता मी काय केलं ते सांगते. पण आधी आमची भीती सांगायला हवी, आणि ती सांगते म्हणून कुणी तिला सबब समजू नये. त्या वर्षी परदेशी डॉक्टरांसाठीचे नियम एकाएकी बदलले होते. ओळखीतले दोघं बोऱ्याबिस्तरा गुंडाळून परत गेले होते. नवऱ्याने दुसऱ्या प्रकारच्या व्हिसासाठी अर्ज केला होता आणि आमचे पासपोर्ट होम ऑफिसकडे पडून होते. मँचेस्टरला गणपतीत तीस वर्षं तिथे राहिलेले एक मराठी सर्जन भेटले होते. त्यांनी आम्हा सगळ्या नव्या जोडप्यांना प्रसादाच्या रांगेतच उपदेश केला होता: "परमनंट होईपर्यंत लो प्रोफाइल. कौन्सिलला कम्प्लेंट नको, नेबरशी वाद नको. आपलं नाव कुठल्याच सिस्टिममध्ये जाता कामा नये." आम्ही माना डोलावल्या होत्या. आपण बरं, आपलं काम बरं, हे तर आम्ही घरूनच शिकून आलो होतो. सर्जनसाहेबांनी त्याला फक्त इंग्रजी कपडे घातले.

मार्फत जावयाचं नाव. सरकारी इमारतीत खोट काढणारा अहवाल. मी तो बॅगेत घातला, कौन्सिलच्या कचेरीवरून रोज गेले आणि रोज पुढे गेले. चौथ्या दिवशी अहवाल माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बरं केलंस. व्हिसा येऊ दे, मग बघू." बाबांना सांगितलं, "दिला."

"पोच?"

"इथे तसं देत नाहीत बाबा. ते पोस्टाने उत्तर पाठवतात."

त्यानंतर रोज संध्याकाळी मी दारातून आत आले की बाबा टपालाच्या ढिगाकडे एकदा बघत आणि मग माझ्याकडे. पहिले काही दिवस विचारत, "आलं का काही?" मग विचारणंही बंद केलं, नुसतं बघत. मला ते बघणं सोसेना. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, त्यांनी साधं 'आज पाऊस आहे' म्हटलं तरी मला वाटे, हे अहवालाबद्दलच आहे. मी चिडचिड करू लागले. सरकारी काम नि सहा महिने थांब, हे तुम्हाला मी सांगायचं का, असंही एकदा बोलले. चाळीस वर्षं सरकारी काम वेळेत केलेल्या माणसाला.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी घरच्या कॉम्प्युटरवर एक पत्र टाइप केलं. सिटी कौन्सिल, इमारत विभाग. आपला अहवाल मिळाला, आभारी आहोत, योग्य ती कार्यवाही करण्यात येईल. खाली एक गिचमिडी सही केली. घडी घातली आणि संध्याकाळी बाबांपुढे धरलं. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटत होतं. एका निरुपद्रवी कागदाने घरात शांतता येत असेल तर काय बिघडलं.

बाबांनी चष्मा लावला. पत्र दोनदा वाचलं, उलटं करून मागची बाजू पाहिली.

"यावर जावक क्रमांक नाही."

"इथे नसतो बाबा."

"पाकीट कुठे आहे?"

पत्राचं पाकीट पत्राला टाचून ठेवायचं, कारण पोस्टाच्या शिक्क्याची तारीख त्याच्यावर असते. आमच्या घरात हे दात घासण्याइतकं साधं होतं. लग्नपत्रिकासुद्धा पाकिटासकट ठेवल्या जात. आणि मी पाकिटाचा विचारच केला नव्हता.

"टाकून दिलं," मी म्हणाले.

बाबांनी पत्राची घडी घातली. "बरं. छान झालं," म्हणाले, आणि आत जाऊन फाइलला लावलं. मला हायसं वाटलं. त्यांचा चेहरा मी पाहिलाच नाही, मी पोळ्या लाटत होते.

दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी नवाला डबा आणि छत्री घेऊन बाहेर पडू लागले, चार वाजता परत. कुठे जाता विचारलं तर म्हणाले, लायब्ररीत. वाचनालयाची गोल खोली त्यांना आवडली होती हे मला माहीत होतं. थंडी वाढली होती, तरी घरी कुढत बसण्यापेक्षा बरं, असं मी नवऱ्याला म्हटल्याचं आठवतं.

दहा-बारा दिवसांनी आमच्या टीममधल्या एकाचा निरोपाचा लंच होता. आम्ही सातजण, पुढे टीम लीड, बँकांच्या रस्त्याने पबकडे निघालो. त्या कोपऱ्यावर आलो आणि मला बाबा दिसले.

ते बसस्टॉपपाशी उभे होते. माकडटोपी, नवऱ्याचं जुनं जाकीट, त्याच्या बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. त्यांनी छत्री उघडून जमिनीवर आडवी ठेवली होती, बरोबर तिसऱ्या सिंहाखाली, म्हणजे तेवढी जागा अडावी. एक पोरगी कानात हेडफोन घालून तिथं उभी राहायला गेली. बाबा तिच्यापुढे हात जोडून काहीतरी म्हणाले आणि पलीकडे बोट दाखवलं. ती त्यांच्याकडे विचित्र नजरेने पाहून सरकली. मग एक म्हातारा आला, त्यालाही तेच. जवळ आल्यावर शब्द ऐकू आले. "काइंडली स्टँड दॅट साइड. स्टोन इज नॉट सेफ."

टीम लीड हसून म्हणाला, हा रोज असतो इथे, माझी बायको याच बसने जाते, सगळे याला ओळखतात. कुणीतरी म्हणालं, बिचारा. आणखी कुणीतरी मला विचारलं, तो काय म्हणतोय, तुमच्याच भागातला असेल ना?

मी म्हणाले, "मला काय माहीत."

बाबांनी मान वळवली. आमच्यात तीन-चार हातांचं अंतर असेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्याबरोबरच्या लोकांकडे पाहिलं, आणि नजर सरळ वर सिंहाकडे नेली. मी वेड पांघरून पेडगावला निघाले होतेच. त्यांनी वाट मोकळी करून दिली. मी पबमध्ये गेले आणि बटाट्याचे काप मागवले. खाल्लेही.

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा ते स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होते. मी बोलायला तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, "दुपारी मी मुद्दाम ओळख दाखवली नाही हं. तुझे साहेब होते बरोबर. तुला उगाच अवघड झालं असतं."

मी ओट्याला धरून रडले. सगळं सांगितलं: ड्रॉवर, व्हिसा, सर्जन, खोटं पत्र. बाबा कोथिंबीर निवडत राहिले.

"पत्र तुझं होतं ते कळलं होतं मला," म्हणाले. "तुमची अडचण आहे, ती माझ्या लक्षात यायला हवी होती. डॉक्टरांच्या नावाने मार्फत लिहायला नको होतं मी. चूक झाली. म्हणून कौन्सिलात गेलो नाही, म्हटलं तुम्हाला त्रास नको. नुसतं उभं राहायला तर कुणी नाव विचारत नाही."

रात्री त्यांनी नवऱ्याला बाहेरच्या खोलीत गाठलं आणि परतीचं तिकीट अलीकडचं मिळेल का म्हणून विचारलं. जावयाकडे त्यांनी मागितलेली ती एकच गोष्ट. रविवारची जागा मिळाली.

गुरुवारी सकाळी मी ड्रॉवरमधला अहवाल काढला आणि कौन्सिलच्या कचेरीत गेले. काउंटरवर पन्नाशीची बाई होती. मी अहवाल दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का हवा म्हणाले. तिला शिक्क्याचं नवल वाटलं, पण तिने ड्रॉवर धुंडाळून तारखेचा शिक्का काढला, उमटवला, खाली सही केली. मग तिने आकृत्या पाहिल्या आणि आतून एका माणसाला बोलावलं. त्याने सातही पानं उभ्या उभ्या वाचली. याच आठवड्यात माणूस पाठवतो म्हणाला. त्याने विचारलं, हे कुणी काढलंय? ते काम शोधतायत का? व्हिसाबद्दल कुणी काही विचारलं नाही. माझं नावसुद्धा नाही. सगळ्याला मिळून दहा मिनिटं लागली असतील. ज्या भीतीपोटी मी बापाला ओळख दिली नाही, ती भीती एवढीच होती.

अर्धा दिवस रजा टाकून मी धावत घरी आले. बाबा नव्हते. बसस्टॉपवर गेले, ते तिथेच होते. मी शिक्क्याची प्रत त्यांच्यापुढे धरली. त्यांनी हातमोजा काढला, कागद घेतला, शिक्का पाहिला, सही पाहिली. मग मागची बाजू पाहिली. ते मागची बाजू पाहणं मी ओळखलं.

"बाबा, हे खरं आहे. आई शपथ खरं आहे."

"हो गं. मी कुठे नाही म्हटलं."

"चला माझ्याबरोबर. इथून पाच मिनिटं. त्या बाईलाच विचारा. तो इंजिनियर आहे आत, त्याने तुमच्या ड्रॉइंग्जचं कौतुक केलं."

बाबांनी कागद माझ्या हातात परत दिला. "नको. तिथं जाऊन विचारायचं म्हणजे माझा तुझ्यावर विश्वास नाही असं होईल. बापाने असं करू नये." मग ते वळले आणि बाकाकडे चाललेल्या एका बाईपुढे हात जोडून उभे राहिले. शुक्रवारी ते गेले. शनिवारीही गेले, पाऊस असून. मी बरोबर जाऊन उभी राहिले तर म्हणाले, तुला सर्दी होईल, घरी जा. मी गेले नाही. आम्ही दोघं चार वाजेपर्यंत उभे होतो.

रविवारी त्यांचं विमान गेलं. मंगळवारी सकाळी ऑफिसला जाताना मी पाहिलं तर कोपरा अडवलेला होता, बसस्टॉप पुढे हलवलेला, आणि इमारतीला चौथ्या मजल्यापर्यंत परांची बांधायचं काम चाललं होतं. हेल्मेट घातलेला एक माणूस तिसऱ्या सिंहापाशी दोरखंड आवळत होता. मी तिथेच उभी राहून आठ-दहा फोटो काढले, दुपारी छापून घेतले आणि त्याच दिवशी पोस्टाने पाठवले. पाकिटावरचा शिक्का नीट उमटला की नाही, हे पोस्टातल्या माणसाकडून खात्री करून घेतलं.

बाराव्या दिवशी फोनवर मी विचारलं, "बाबा, फोटो मिळाले?"

"मिळाले," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "पण एवढा खर्च कशाला केलास बाळा? मी कुठे पुरावा मागितला होता?"